कच मोजणारी पट्टी

सकाळी मैदानावर मुली जमल्या की सरावाचा सुरुवातीचा बराच वेळ मानेला पट्ट्या चिकटवण्यात जायचा, आणि तेवढ्यातच हेमलता वाघचौरे यांचं डोकं उठायचं.

"तेल लावून येऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं?" त्या ओरडायच्या. "पट्टी घामाला चिकटते, तेलाला नाही. आई चंपी करायला लागली तर सांगा तिला, आज सराव आहे!"

मुली खाली माना घालून हसायच्या. माना खाली घातल्या की पट्टी लावायला सोपं जायचं, एवढाच त्याचा फायदा.

पट्टी दिसायला साधी होती, बोटभर लांब आणि त्वचेच्या रंगाची. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या सूचना ती मानेपाशीच वाचायची. समोरून धावत येणाऱ्या माणसाला जाऊन भिडायचं म्हटलं की कुणाचंही शरीर टक्करीच्या अगदी आधी, पापणी लवायच्या आत, किंचित आखडतं. ज्याचं त्यालाही ते कळत नाही. पट्टीला कळायचं. बनवणाऱ्या कंपनीने तिला 'पूर्वसंकोच-मापक' असं भारदस्त नाव दिलं होतं. पण पहिल्याच सामन्यात एका समालोचकाने "कच खाल्ली, कच खाल्ली!" असा गलका केला आणि त्या आखडण्याला कायमचं नाव पडलं. कच.

रग्बीच्या लीगने पट्टी सक्तीची केली त्याला दोन हंगाम झाले होते. प्रत्येक टॅकलबरोबर, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, खेळाडूची कच टीव्हीच्या पडद्यावर यायची, जितकी जास्त तितका लाल आकडा. नाशिकमध्ये रग्बीचे नियम माहीत असलेली माणसं अजूनही एका बसमध्ये मावली असती, पण कच मात्र सगळ्यांना कळायची. पोलीस भरतीत ती मोजायला सुरुवात झाली होती. हेमलतांच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मुलीसाठी आलेल्या स्थळाकडे कचेची चौकशी केली होती आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

गोदातीर क्लबच्या महिला संघाला हेमलता अकरा वर्षं शिकवत होत्या. या वर्षी संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला होता. खरं तर त्यांनी आनंदात असायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात सुनयना परत आली.

सुनयना खैरनार संघाची कर्णधार. गेल्या हंगामात एका टॅकलमध्ये तिचा उजवा खांदा निखळला, हाडही मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आता डॉक्टरांनी तिला खेळायची परवानगी दिली होती. ती फ्लँकर, सात नंबरची. रग्बीत फ्लँकरचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड असतं. समोरच्या संघातली कुणी बॉल घेऊन निघाली की सगळ्यांच्या आधी तिच्या अंगावर जायचं, तिला पाडायचं, आणि ती पडता क्षणी बॉलवर झडप घालायची.

सुनयना नसताना ते काम दर्शना भोये करत होती. सुरगाण्याकडची, विशीतली, अंगाने सडपातळ, पण टॅकल करताना दगड आदळल्यासारखी आदळायची. आणि तिची कच शून्य होती. कमी नव्हे, शून्य. अख्ख्या लीगमध्ये तशी दुसरी कुणी नव्हती. तिच्या नावाचे टीशर्ट निघाले होते आणि त्यावर नुसतं एक मोठं शून्य छापलेलं होतं.

"दोघींना खेळवा की," हे हेमलतांना दूधवाल्याने सांगितलं, मेव्हण्याने सांगितलं, बँकेतल्या मॅनेजरनेही सांगितलं. फ्लँकर दोन असतात, सहा नंबर आणि सात नंबर, एवढं सगळ्यांनी कुठून तरी वाचलेलं असायचं.

"सहा नंबरला मानसी आहे," हेमलता प्रत्येकाला सांगायच्या. "बॉल रेषेबाहेर गेला की आत फेकतात ना, तो उंच उडी मारून झेलणारी आमच्याकडे तेवढी एकच आहे. तिला काढलं तर बॉलच मिळणार नाही. मग तिच्याऐवजी उंच उड्या मारून तो झेलणार कोण? मी?"

ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हो, पण दोघींना खेळवा."

क्लबचे अध्यक्ष कापडणीससाहेब त्याहून अवघड होते. त्यांचा फोन रोज यायचा.

"मॅडम, सुनयना आपली कर्णधार आहे. दहा वर्षं क्लबसाठी हाडं झिजवली पोरीने. तिला बाहेर बसवलं तर लोक काय म्हणतील?"

"बरं. मग तिला घेते."

"घ्या ना, घ्या. पण तिची कच पाहिलीत का? काल सरावात केवढी लाल होती! टीव्हीवर शोभेल का ते? दर्शनाकडे बघा."

"मग दर्शनाला घेऊ?"

"मी कुठे म्हणालो तसं? निवड तुमची. आम्ही ढवळाढवळ करत नाही."

फोन ठेवून हेमलता खुर्चीत तशाच बसून राहायच्या. हा माणूस दोन्हीकडून बोलतो आणि वर निवड माझी म्हणतो, या विचाराने त्यांचा चहा दर वेळी गार व्हायचा.

सुनयनाची कच खरंच मोठी होती. पट्ट्यांचं काम बघणारा अद्वैत तांबट हा कंपनीचा तरुण इंजिनिअर क्लबच्याच एका खोलीत बसायचा. पहिल्या आठवड्यानंतर त्याने दोघींना, म्हणजे हेमलता आणि सुनयनाला, आत बोलावलं आणि पडद्यावर आलेख दाखवला.

"ताई, टक्करीच्या आधी तुमचं शरीर ब्रेक लावतंय," तो सुनयनाला म्हणाला. "दुखापतीच्या आधीपेक्षा दुप्पट."

"मी घाबरत नाही," सुनयना म्हणाली.

"मी घाबरता असं नाही म्हणालो."

"तेच म्हणालास. फक्त आलेख काढून म्हणालास." तिचा आवाज चढला. "मॅडम, मी खरं सांगते. मी धावते तेव्हा मनात काहीही नसतं. खांदा आठवत नाही, दवाखाना आठवत नाही. मला जर भीती वाटतच नाही, तर ही पट्टी कुणाची भीती मोजतेय?"

अद्वैत पुन्हा आलेखात डोकं घालून बसला. पण प्रशिक्षकाला काहीतरी बोलावंच लागतं.

"शनिवारी आपसात सामना खेळू," त्या म्हणाल्या. "तू पिवळ्यात, दर्शना लालमध्ये. त्यानंतर मी ठरवीन, आणि एकदा ठरवलं की मला कुणीही फोन करायचा नाही. ते कापडणीससाहेबांनाही सांगते."

कापडणीससाहेबांना त्यांनी सांगितलं. शनिवारी सकाळी ते स्वतः, सोबत दहा-बारा माणसं घेऊन, मैदानावर हजर होते. प्रत्येकाच्या हातात टॅबलेट किंवा फोन होता आणि प्रत्येकजण मैदानाकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त बघत होता.

सुनयनाची सुरुवात वाईट झाली. उजव्या बाजूने आलेल्या एका मुलीला पाडायला ती गेली, आणि पोचता पोचता तिचं अंग अर्ध्यावर थिजलं. मुलगी निसटून गेली. रेषेबाहेरून कुणीतरी आकडा मोठ्याने वाचून दाखवला. डावीकडच्या टॅकल मात्र जुन्या सुनयनासारख्या झाल्या, नेटक्या आणि गाजावाजा न करता. तिथेही थोडी कच दिसतच होती.

दर्शना दुसऱ्या बाजूला धुमाकूळ घालत होती. शून्य, शून्य, शून्य. प्रत्येक शून्याला टाळ्या.

हेमलता तेवढ्या खूश नव्हत्या. "डोकं मागे!" त्या ओरडत होत्या. "दर्शना, डोकं मागे घाल!" पळणारीला पाडताना आपलं डोकं तिच्या पाठीच्या बाजूला ठेवायचं असतं. पुढे, तिच्या गुडघ्यांच्या वाटेत, ठेवायचं नसतं. हे अगदी पहिल्या दिवशी शिकवतात. दर्शनाला हजारदा सांगून झालं होतं. ती "हो मॅडम" म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा डोकं गुडघ्यांसमोर. तीनदा तिला चक्कर आली होती. हेमलतांना वाटायचं, ही मुलगी मुद्दाम ऐकत नाही.

मग ते झालं. बॉल सुनयनाच्या हातात आला आणि समोर मोकळी जागा होती. ती पूर्ण वेगाने निघाली. तिरक्या रेषेत दर्शना तिच्यावर आली, खाली वाकून, आणि डोकं पुन्हा थेट गुडघ्यांच्या समोर. सुनयनाचा गुडघा वर उचललेला होता. पाऊल पुढे पडलं असतं तर तो दर्शनाच्या कपाळावर बसला असता.

सुनयनाने पाऊल टाकलंच नाही. सगळं अंग मागे खेचून ती कोलमडली, बॉल हातातून सुटला, आणि दर्शना तो उचलून पळत सुटली.

"खाल्ली कच!" रेषेबाहेरून आरोळी उठली. पडद्यावर आकडा गडद लाल झाला होता. सकाळपासूनचा सगळ्यात मोठा.

दर्शना धावून परत आली ती चिडूनच. "ताई, तुम्ही मला सोडलंत. लहान मूल समजून सोडलंत. सगळ्यांसमोर!"

"तुझं डोकं कुठे होतं?" सुनयना अजून जमिनीवरच बसली होती, धापा टाकत.

"कुठे का असेना. मला लागलं असतं तर लागलं असतं."

"लागलं नसतं गं बाई, मोडलं असतं. मान मोडली असती!"

"माझी मान आहे."

"आणि गुडघा माझा होता!" सुनयना ओरडली. "जन्मभर मी काय सांगत फिरले असते?"

हेमलतांनी शिट्टी वाजवून सामना थांबवला. त्यांना आता सगळ्यांचाच राग आला होता. दर्शनाचा, बाहेरच्या टाळ्यांचा, आणि त्या लाल आकड्याचा. एका मुलीने दुसरीची मान वाचवली आणि पट्टीने तिला भित्री ठरवलं होतं. त्या तडक अद्वैतच्या खोलीत गेल्या.

"ही कसली कच? मला सांग. तिने त्या पोरीला वाचवलं!"

"मॅडम, पट्टीला कारण कळत नाही. शरीर आखडलं एवढंच कळतं."

"मग कारण शोध. तू शिकलेला आहेस, पडदा तुझ्याकडे आहे. शोध."

अद्वैतच्या हे मनाला लागलं असावं, कारण तो दुपारी जेवायला गेला नाही. चारच्या सुमाराला त्याने हेमलतांना बोलावलं. तो काहीसा गोंधळलेला दिसत होता.

"आम्ही पडद्यावर एकच आकडा देतो," तो म्हणाला. "लोकांना एकच आकडा हवा असतो. पण खाली प्रत्येक स्नायूची वेगळी नोंद असते. ती कुणी उघडून बघत नाही. मी आज उघडली. हे बघा, सुनयनाताईंच्या उजवीकडच्या टॅकल. खांदा, छाती, पोट, सगळं आखडतं. ही भीती आहे, मॅडम. खोटं कशाला बोलू? खांद्याला ते अजून आठवतंय. पण आता डावीकडच्या बघा. खांदा मोकळा आहे. छाती मोकळी आहे. आखडते ती फक्त मान, आणि तीही एकाच बाजूने."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या डोकं वळवतायत. गुडघ्याच्या वाटेतून बाजूला. टक्करीच्या आधी, विचार न करता. आम्ही ते वळणंसुद्धा कचेत धरतोय. लीगमधल्या सगळ्या जुन्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या मी. ज्या दहा-दहा वर्षं धड खेळल्या, त्या प्रत्येकीत हे आहे."

हेमलता पडद्याजवळ सरकल्या. "आणि दर्शनात?"

अद्वैतने दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. "हा आजचा. मानेत काहीच नाही. हा तिचा पहिल्या महिन्यातला, ती क्लबमध्ये नवीन आली तेव्हाचा."

पहिल्या महिन्यातल्या आलेखावर मानेची बारीकशी उसळी स्पष्ट दिसत होती. दर टॅकलला.

"तेव्हा होतं," अद्वैत म्हणाला. "मग चिमटा सुरू केला."

चिमटा म्हणजे पट्टीचीच एक सोय. सरावात कच दिसली की ती मानेला हलकासा झटका द्यायची, चिमटा काढल्यासारखा. दुखायचं नाही, पण शरीर शिकायचं. सगळ्या क्लबनी ती सोय घेतली होती. गोदातीरनेही घेतली, आणि परवानगी हेमलतांनीच दिली होती. जुन्या मुलींवर तिचा फारसा परिणाम झाला नाही. दर्शना मात्र नवी होती, मेहनती होती, आणि चिमटा बसू द्यायचाच नाही अशी तिची जिद्द होती. काही महिन्यांत तिने कच शून्यावर आणली. कचेबरोबर डोकं वळवणंही गेलं.

म्हणजे ती मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हती. हेमलता मैदानात ओरडून सांगत होत्या "डोकं मागे", आणि त्यांचीच पट्टी रोज चिमटा काढून सांगत होती, नको.

सोमवारी हेमलतांनी संघ जाहीर केला. सात नंबर सुनयना. दर्शना राखीव.

दर्शना बाकीच्या मुली जाईपर्यंत थांबली. मग जवळ आली. डोळे भरलेले होते, पण आवाज कडक होता.

"मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

हेमलतांनी तिला अद्वैतच्या खोलीत नेलं, जिथे सुनयनाला आधीच बोलावून ठेवलं होतं, आणि दोन्ही आलेख दाखवले. सगळं समजावून सांगितलं. दर्शनाने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हीच घालवलं आणि आता त्यासाठी मलाच बाहेर बसवताय."

"हो," हेमलता म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"मला दोन क्लबचे फोन आलेत. त्यांना शून्य हवंय. ते मला पहिल्या दिवशी उतरवतील."

"उतरवतील. आणि एक दिवस स्ट्रेचरवर घालून आणतील. मी तुला अडवू शकत नाही, दर्शना. पण इथे असेपर्यंत तुझ्या मानेवर पट्टी लागणार नाही. सरावात तरी नाही. आणि सुनयना तुला पुन्हा टॅकल शिकवेल. अगदी पहिल्यापासून."

शेजारी उभ्या असलेल्या सुनयनाने चमकून वर पाहिलं. "मी? मॅडम, माझी जागा घ्यायला निघालेल्या मुलीला मीच शिकवू?"

"मग कोण शिकवणार? मला वाकताना कंबर धरते. आणि तुझ्या उजव्या बाजूचं काय? उपांत्य सामन्यात समोर असलेला पुण्याचा संघ काय झोपलाय? तुझा उजवा खांदा मोडला होता हे त्यांनाही ठाऊक आहे. सगळ्या पोरी तुझ्या उजवीकडूनच येणार आहेत. तुला तिच्याइतकी जोरात धडकणारी दुसरी कुठे मिळणार?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मैत्रीचा त्यात अंशही नव्हता.

पुढचे दिवस बघवत नव्हते. इतर मुली वेगाचे खेळ खेळायच्या आणि मैदानाच्या कडेला या दोघी चालत चालत टॅकल करायच्या. चालत! सुनयना दोन पावलं टाकायची, दर्शना वाकायची, आणि सुनयना थांबून म्हणायची, "कुठे आहे डोकं?" दर्शना डोकं हलवायची. पुन्हा दोन पावलं. दर्शनाला वाटायचं, आपल्याला बालवाडीत बसवलंय. मग पाळी बदलायची. दर्शना उजव्या बाजूने धावत येऊन सुनयनाच्या खांद्याशी धरलेल्या जाड गादीवर आदळायची, आणि सुनयना दर वेळी थिजायची, आणि दर्शना म्हणायची, "ताई, थांबलात."

"माहीत्येय!"

"पुन्हा येऊ?"

"ये म्हटलं ना!"

दर्शना आपल्याला हवं ते विचारून घेत होती. "ताई, तुम्ही वळवता म्हणजे नेमकं काय करता?"

"मला माहीत असतं तर दोन वाक्यांत सांगून मोकळी नसते का झाले? मी काही करत नाही. ते होतं."

"मग मला कसं होणार?"

"मला काय विचारतेस? माझा खांदा मी म्हणते म्हणून ऐकतो का?"

हे ऐकून दर्शना पहिल्यांदा हसली. सुनयनालाही हसू आलं, पण ते दोघींनीही फार टिकू दिलं नाही.

मधल्या काळात अद्वैतने कंपनीला सविस्तर कळवलं. मान वळवणं कचेतून वगळावं, निदान लहान मुलांच्या सरावातला चिमटा तरी बंद करावा. कंपनीचं उत्तर आलं की मुद्दा लक्षवेधी आहे आणि पुढच्या वर्षी विचार होईल. सध्या प्रेक्षक एका आकड्यावर समाधानी आहेत. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी छोट्या मापाच्या पट्ट्या बाजारात येतायत, त्याचं पत्रकही त्यांनी सोबत जोडलं होतं. अद्वैतने ते हेमलतांना वाचून दाखवलं. हेमलतांनी मधेच हात वर करून त्याला थांबवलं.

उपांत्य सामना पुण्यात होता. स्टेडियम भरलेलं. सामन्यात पट्टी काढता येत नसे, नियमच होता. पण सामन्यात चिमटा नसायचा, फक्त आकडा.

हेमलता म्हणाल्या होत्या तसंच झालं. पुण्याच्या मुली सुनयनाच्या उजवीकडूनच आल्या. पहिल्या टॅकलला ती थिजली, समोरची निसटली आणि थेट रेषेपलीकडे जाऊन तिने बॉल टेकवला, ट्राय झाला. प्रेक्षकांनी लाल आकडा पाहून हुर्यो केली. दुसरीही निसटली. तिसऱ्या वेळी सुनयना थिजली, पण थिजलेल्या अंगानेच पुढे पडली, आणि तिच्या हाताला समोरचीचा पाय लागला तो तिने सोडला नाही. आकडा तेवढाच लाल होता. मुलगी मात्र पडली. त्यानंतर सुनयनाने तसंच केलं. कच खायची आणि तरी जायची. बघायला ते अजिबात छान नव्हतं. पण गोदातीर सामन्यात परतला, आणि मानसीने उंच उडी मारून झेललेल्या दोन बॉलवर दोन ट्राय झाले.

उत्तरार्धात गोदातीर थोडक्या गुणांनी पुढे असताना सुनयना रेषेपाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, बदला मला. हात वर जात नाहीये."

"खांदा?"

"मोडला नाही. दमलाय. पुढच्या टॅकलला मी नुसती उभी राहीन. तिला पाठवा."

हेमलतांनी बाकावरच्या दर्शनाकडे पाहिलं. ती आधीच उभी होती. दोन आठवडे चालत केलेल्या टॅकल, आणि आता हे. पाठवलं तर तिच्या मानेचा भरवसा नाही, नाही पाठवलं तर सामना गेला. हा खेळ शोधला कुणी, असा वैताग त्यांच्या मनात येऊन गेला.

"डोकं कुठे?" त्यांनी विचारलं.

"मागे," दर्शना म्हणाली.

"तोंडाने नको सांगूस. जा."

दर्शना मैदानात उतरली तेव्हा स्टेडियमने तिच्या शून्याचा जयघोष केला. थोड्याच वेळात पुण्याची एक आडदांड मुलगी बॉल घेऊन गोदातीरच्या रेषेकडे सुटली. मध्ये फक्त दर्शना होती. हेमलतांनी डोळे मिटून घ्यायचं ठरवलं आणि ते जमलं नाही.

दर्शना वाकली, गेली, भिडली. दोघी धाडकन खाली आल्या. दर्शनाचं डोकं त्या मुलीच्या पाठीमागे होतं.

मोठ्या पडद्यावर आकडा आला. शून्य नव्हतं. अगदी छोटा होता, फिकट गुलाबी, पण शून्य नव्हतं. आणि सगळं स्टेडियम हळहळलं. हजारो माणसांचा एकच निराश सुस्कारा. त्या सुस्काऱ्यात बाकावरून फक्त एकच माणूस ओरडत होतं. सुनयना एका हाताने बाक बडवत "शाब्बास गं, शाब्बास!" म्हणत होती, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत असावं.

गोदातीर जिंकला. कापडणीससाहेबांचा फोन मुली मैदानाबाहेर येण्याआधीच आला.

"अभिनंदन, मॅडम, अभिनंदन! पण पोरीची कच आली हो. शून्य गेलं. काय शिकवलंत तिला? आता ते टीशर्ट कोण घेणार?"

"साहेब, आपण अंतिम फेरीत गेलोय."

"हो, हो, तेही आहेच."

हेमलतांनी फोन बंद केला आणि कपडे बदलायच्या खोलीत गेल्या. मुली गात होत्या, बाटल्यांमधलं पाणी एकमेकींवर उडवत होत्या. दर्शना कोपऱ्यात एकटी बसली होती. मानेवरची पट्टी काढून तिने बाजूला टाकली होती. सुनयना खांद्याला बर्फ बांधून तिच्या शेजारी येऊन बसली.

"लागलंय का कुठे?" हेमलतांनी विचारलं.

दर्शनाने नकारार्थी मान हलवली. "मॅडम, मला तिचा गुडघा दिसला. वर्षभर इतक्या जणींना पाडलं, कधी कुणाचा गुडघा दिसला नव्हता. आज दिसला. केवढा मोठा होता! आणि अंगातून काहीतरी सर्रकन गेलं."

"म्हणूनच डोकं वळलं," सुनयना म्हणाली.

"हो." तिने सुनयनाच्या बर्फ बांधलेल्या खांद्याकडे पाहिलं, मग हेमलतांकडे. "पण ताई, आता तो दर वेळी दिसणार का? आणि दिसला, तरी मला जाता येईल ना?"